इंजिनाला गाळणी, माणसाला दुपट्टा

दुसरे महायुद्ध संपले आणि सैन्याला नकोशा झालेल्या विलीज जीपा लिलावात निघाल्या. १९४७मध्ये मुंबईत याच बनावटीच्या जीपांची जुळणी सुरू झाली. ती करणारी महिंद्रा अँड महंमद ही कंपनी वर्षभरात महिंद्रा अँड महिंद्रा झाली. ज्या मुलखात डांबरी रस्ता ही चैन होती, तिथे ही गाडी चटकन रुळली. चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, जंगलपट्ट्यात वनखात्याची जीप पुढची तीन-चार दशके इतकी ओळखीची होती, की दूरवर तिची घरघर आली तरी नाक्यावरचा माणूस उठून उभा राहायचा.

या जीपच्या बॉनेटखाली पत्र्याचा एक गोल डबा असे. इंजिनाला लागणारी हवा आधी या डब्यात शिरे, तळाशी भरलेल्या तेलावर आदळून वर वळे आणि तारेच्या जाळीतून पुढे कार्बुरेटरकडे जाई. वळण घेताना धूळ तेलातच अडके. ड्रायव्हरने ठरावीक दिवसांनी क्लिपा सोडवून हा डबा काढायचा, तळाला साचलेला काळा चिखल खरवडायचा, डबा रॉकेलने धुवायचा आणि आतल्या खुणेपर्यंत नवे तेल ओतायचे. आलापल्लीच्या सागवानी जंगलातल्या मुरमाच्या वाटांवर हे काम कोणी टाळले, तर इंजिनाच्या रिंगा झिजून धूर सुरू व्हायचा. त्यामुळे सहसा कोणी टाळत नसे.

इंजिनाची अशी बडदास्त असताना मागच्या बाकड्यावर बसलेल्या माणसांसाठी काय सोय होती? दुपट्टा. रेंजर असो, गार्ड असो नाहीतर वाटेत चढलेला पोलीस पाटील असो, प्रत्येकाने आपापला दुपट्टा नाका-तोंडाभोवती गुंडाळायचा आणि उतरल्यावर झटकायचा. हा पंक्तिभेद फार जुना आहे. यंत्र धुळीने मरते हे कारखानदाराला लवकर कळले, कारण मेलेले यंत्र तक्रार घेऊन दारात परत येते. माणसाची तक्रार दवाखान्यात जाते. आज गाडीच्या डॅशबोर्डमागे बसणारी, प्रवाशांच्या हवेची वेगळी गाळणी, म्हणजे केबिन एअर फिल्टर, म्हणूनच इतकी उशिरा आली. चंद्रपूर-गडचिरोलीत तर ती आली तेव्हा गाळायची धूळच बदलून गेलेली होती.

जुनी धूळ मातीची होती. चांदा हे गोंड राजांचे परकोटाचे शहर, इरई आणि झरपट नद्यांच्या संगमाजवळ वसलेले. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार वेशींमधून शेकडो वर्षे बंड्यांची ये-जा चालली. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्याकडून आणि गोदावरीपलीकडून माणसे येत. बंड्यांच्या रांगेत पुढचा बैल दिसतो पण त्याच्या पुढची बंडी दिसत नाही, इतका फुफाटा उडे. मोठ्या चाळण्याने चाळावी तशी ही धूळ जाडी असते. ती डोळ्यांत जाते, दातांखाली कचकच करते, नाकात अडकते आणि शिंकेबरोबर बाहेर पडते. दोन पदरी ओला दुपट्टा तिला पुरून उरतो. विदर्भात दुपट्टा खांद्यावर नुसता मिरवण्यासाठी कधीच नव्हता. उन्हात तो डोक्याला बांधायचा, विहिरीवर भिजवायचा, बंडीत तोंडाला लावायचा आणि मुक्कामी अंथरायचा. खिशात कांदा आणि डोक्याला दुपट्टा एवढी तयारी झाली, की माणूस मे महिन्यात मूलवरून गडचिरोलीला निघायला मोकळा.

कोळसा आला तेव्हा धुळीचा रंग बदलायला लागला. वरोऱ्याची सरकारी खाण १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे लोहमार्ग आणला गेला. १९०६मध्ये ती खाण बंद पडली, तोवर बल्लारपूरला नवे काम निघालेले होते. १९२९मध्ये बल्लारशाह ते काझीपेठ हा दुवा पुरा झाला. दिल्ली-मद्रास हा मोठा लोहमार्ग खुला झाला आणि ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस इथून धावू लागली. वाफेच्या इंजिनामागच्या डब्यात खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला धुरातले कोळशाचे बारीक कण डोळ्यांत जाण्याचा अनुभव नवा नव्हता. वळणावर बाहेर डोकवायचे नाही, हा नियम पोराटोरांना आजी सांगे. पांढरे धोतर नेसून गाडीत बसू नये, हेही लोक अनुभवाने शिकले होते.

हवा गाळण्याची एक रीत मात्र या भागात मोटारीच्या कितीतरी आधीपासून होती. वाळ्याच्या मुळांची ताटी दाराला लावायची, तिच्यावर पाणी शिंपडत राहायचे आणि आत येणारा वारा गार, ओला आणि सुवासिक करून घ्यायचा. साहेबाच्या बंगल्यावर त्यासाठी नोकर असे. ब्रिटिश काळात रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या काही डब्यांनाही अशा ओल्या ताट्या लावलेल्या असत. गारव्यासाठी लावलेली ताटी धूळही अडवते, हा फायदा पदरात आपोआप पडे. विजेचा पंखा आला आणि त्याच्याभोवती तीन बाजूंनी ताट्या उभ्या करून पत्र्याचा डबा केला, की झाला कूलर. विदर्भाच्या बाहेरच्या माणसाला कूलर ही एक वस्तू वाटते. चंद्रपूरकराला ते एक व्रत असते. मार्च लागला की माळ्यावरचा कूलर खाली येतो, टाकीतला क्षार खरवडला जातो, पंप पाण्यात बुडवून बघितला जातो आणि जुन्या, काळ्या पडलेल्या ताट्या उपसून बाजारातून आणलेले नवे गवत जाळीत भरले जाते. मिस्त्रीला बोलावणारी घरे आहेत, पण निम्मे काम तरी घरातच होते. बोटांत गवताची कुसे शिरतात, कोणाच्या तरी पायावर पत्रा पडतो, आणि संध्याकाळी पहिला गार झोत आला की सगळे विसरले जाते.

ही सवय इथे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की हवेची गाळणी दर वर्षी आपल्या हाताने बदलायची असते हे ज्या समाजाला पिढ्यांपासून ठाऊक आहे, त्याला गाडीतला फिल्टर बदलणे अवघड जायला नको होते. तरीही ते अवघड गेले, कारण गाडीत अशी काही गाळणी असते हेच त्याला कोणी सांगितले नाही.

१९८३ हे साल या गोष्टीत दोनदा येते. त्या वर्षी चंद्रपूरजवळ दुर्गापूरला औष्णिक वीज केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. त्याच वर्षी, १४ डिसेंबरला, पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली. वीज केंद्र वाढत गेले. जुने दोन संच बंद केल्यावरही त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. केंद्राला कोळसा हवा, म्हणून उघड्या खाणी वाढल्या. खासगी खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३मध्ये झाले होते, १९७५मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी झाली होती, आणि भुयारात शिरून कोळसा काढण्याऐवजी वरची माती उपसून डोंगर रचण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने उभे राहिले, कारण चुनखडीही तिथेच होती. या सगळ्याची वाहतूक ट्रकने. ताडपत्री नीट न बांधलेला कोळशाचा ट्रक घुग्घुस रस्त्यावर पुढे असला, की मागच्या गाडीच्या काचेवर काळी साय धरते. पडोली चौकातल्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी टेबल पुसले तर फडके काळे होते, हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही.

ही धूळ बंडीच्या फुफाट्यासारखी नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असते. तो दळून भट्टीत फुंकला, की बरीचशी राख धुराबरोबर वर जाते आणि तिचे कण मायक्रॉनमध्ये मोजावे लागतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन धरली, तर १० मायक्रॉनहून लहान कण नाकाच्या केसांना चुकवून आत जातात आणि अडीच मायक्रॉनहून लहान असलेले फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. इथे दुपट्ट्याचे काही चालत नाही. दोन धाग्यांमधली फटच कणाच्या कितीतरी पट मोठी असते. डिसेंबर २००९मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांचे गुणांकन जाहीर केले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आले. त्याच्या वर फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद होते. पुढच्याच महिन्यात नव्या उद्योगांवर तात्पुरती बंदी आली. २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही चंद्रपूरचे नाव आहे.

वीज केंद्राच्या चिमणीआधी एक भलीमोठी गाळणी असते, तिला इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या फ्रेडरिक कॉट्रेल या रसायनशास्त्रज्ञाने १९०८मध्ये तिचे पेटंट मिळवले. उच्च दाबाच्या तारांमधून धूर नेला की कणांवर विद्युतभार चढतो, भारलेले कण शेजारच्या पत्र्यांना चिकटतात, आणि मधूनमधून हातोडे आदळून ते खाली हौदात पाडले जातात. गाडीच्या केबिन फिल्टरमागचे तत्त्वही हेच आहे. फरक एवढाच की तिथे तार नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या अतिबारीक तंतूंना कारखान्यातच विद्युतभार दिलेला असतो आणि जवळून जाणारा कण तंतूकडे ओढला जातो. त्यामुळे भोके मोठी असूनही बारीक कण अडकतात आणि पंख्याला हवा ओढायला जोरही लागत नाही. दुर्गापूरच्या चिमणीतून जे निसटते, ते पकडायला त्याच तत्त्वाची वीतभर लांबीची घडी गाडीत बसलेली असते. पहिल्या गाळणीचा खर्च सरकारी कंपनी करते, दुसरीचा गाडीमालक.

प्रवाशांची हवा गाळायची कल्पना अमेरिकेत बरीच आधी निघाली होती. नॅश या कंपनीने १९३८च्या मोटारींत बाहेरची हवा फिल्टरमधून घेऊन, गरम करून आत सोडण्याची सोय केली. पॅकार्डने १९४०च्या मॉडेलमध्ये एअर कंडिशनर दिला. त्याचे धूड डिकीत बसायचे आणि सामान ठेवायला जागा कमी उरायची. पण फिल्टर ही नेहमीची गोष्ट झाली नाही. १९८०चे दशक संपता संपता जर्मनीतल्या महागड्या मोटारींत परागकण अडवणारे फिल्टर दिसू लागले, कारण तिथे वसंतात अनेकांना शिंका येत. नव्वदीत त्यात सक्रिय कोळशाचा थर आला, तो वास शोषून घेई. युरोपात परागकणांनी जे केले, ते इथे राखेने करायला हवे होते.

भारतात अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. काचा खाली आणि कोपर बाहेर, हीच वातानुकूलित व्यवस्था. मारुती ८००ला एसीचा पर्याय मिळाला तरी बरीच वर्षे मायलेज पडते म्हणून लोक तो बंद ठेवत. चंद्रपुरात पारा ४७-४८च्या घरात जातो, नवतपाचे नऊ दिवस तर अंगावर येतात, तेव्हा काचा बंद करून एसी लावण्याची सवय हळूहळू लागली. आणि काचा बंद झाल्यावर एक गोष्ट उघड झाली. काचेखालच्या जाळीतून बाहेरची हवा थेट पंख्यात आणि तिथून तोंडावर येत होती, मध्ये काहीच नव्हते. किंमत खाली ठेवण्यासाठी अनेक छोट्या गाड्यांत फिल्टर दिलाच जात नसे. परदेशी आराखड्यात त्याचा खाचा असे, म्हणून तो इथेही साच्यात राही. त्याच्या तोंडावर प्लॅस्टिकची पट्टी ओतून तो बुजवलेला असे. जागा होती, गाळणी नव्हती. पैसे कुठे वाचवायचे हे ठरवणाऱ्यांना चंद्रपूर माहीत नसावे, असे म्हणणे सौम्य होईल.

मग लोकांनी ती पट्टी कापली. इंटरनेट स्वस्त झाल्यावर कोणीतरी व्हिडिओ पाहिला, स्पेअर पार्ट्सच्या दुकानात चारशे-पाचशेला फिल्टर मिळतो हे कळले, आणि रविवारी दुपारी गाडीमालक ब्लेड घेऊन पुढच्या सीटसमोर उकिडवा बसला. आता बहुतेक नव्या गाड्यांत फिल्टर कंपनीकडूनच येतो, तरी तो बदलण्याची रीत त्या कापाकापीच्या काळात पडली आणि टिकली. शोरूमच्या बिलात याच कामाची मजुरी वेगळी लावलेली दिसते, हेही त्यामागचे एक कारण.

काम दहा मिनिटांचे आहे. पुढच्या डाव्या सीटसमोरचा खण आधी रिकामा करायचा. आरसी, विम्याचा कागद, तीन वर्षांपूर्वीची पीयूसी, बँकेचे जुने पासबुक, लग्नाच्या दोन पत्रिका, आणि हा भाग कुठला आहे त्याची खूण म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली खर्ऱ्याची पुडी. खणाच्या एका बाजूला बारीक दोरी किंवा दांडी असते, ती आकड्यातून काढायची. मग दोन्ही कडा आत दाबल्या की खण पुढे लवतो आणि मागे आडवे झाकण दिसते. दोन्ही टोकांच्या क्लिपा दाबून झाकण काढले, की फिल्टरची कड हाताला लागते. इथे घाई केली तर सगळे आतच सांडते. म्हणून खाली वर्तमानपत्र धरायचे आणि फिल्टर आडवा, न हलवता बाहेर ओढायचा.

बाहेर जे येते, त्यावरून गाडी कुठे फिरली ते सांगता येते. शहरात लिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फिल्टरमध्ये वरच्या घड्यांत लिंबाच्या काड्या, वाळकी पाने, एखादे पतंगाचे पंख असतात. त्याखालचा थर राखाडी आणि इतका बारीक असतो, की बोटावर घेतला तर चोळताना खरखरत नाही, पावडरसारखा सरकतो. घुग्घुस, राजुरा, बल्लारपूर अशा फेऱ्या करणाऱ्या गाडीचा फिल्टर काळा असतो. बल्लारपूरची माणसे कार्बनचा थर असलेला फिल्टर मागतात, कारण तिथे कागद गिरणीचा वास हवेत असतो आणि साधा फिल्टर वासाला हात लावत नाही. आष्टी-आलापल्लीकडची गाडी असेल तर घड्यांत लालसर गेरूचा रंग भरलेला असतो.

नवा फिल्टर बसवताना एकच गोष्ट चुकते. त्याच्या कडेवर बाण छापलेला असतो, हवा ज्या दिशेने जाते ती दिशा दाखवणारा. बहुतेक गाड्यांत पंखा खाली असतो, म्हणून बाण खाली. काही गाड्यांत तसे नसते, तेव्हा जुना काढतानाच त्याचा बाण पाहून ठेवावा. उलटा बसवला तर आकाश कोसळत नाही, पण कार्बनचा थर किंवा जाडे कापड चुकीच्या बाजूला येते आणि फिल्टर लवकर भरतो. खण परत बसवताना दोरी अडकवायला विसरले, तर पुढच्या वेळी तो उघडताच गुडघ्यावर आपटतो. हा धडा बहुतेकांना एकदा मिळतोच.

दुसरी चूक काटकसरीतून होते. कूलरची ताटी उन्हात वाळवून, झटकून अजून एक हंगाम काढणे ही या भागातली मान्य गोष्ट आहे. तोच हिशेब फिल्टरला लावला जातो. भिंतीवर आपटायचा, पंक्चरवाल्याकडे हवेचा झोत मारायचा, कोणी तर साबणाच्या पाण्यातून काढतो. वरची पाने आणि जाडी धूळ पडते, फिल्टर पुन्हा फिकट दिसतो, मन समाधानी होते. पण बारीक कण तंतूंना चिकटलेले असतात, ते हलत नाहीत, आणि जोराच्या झोताने तंतू फाकून नव्या वाटा पडतात. साबणाच्या पाण्याने धुतला तर विद्युतभारही जातो. राहते ते साधे कापड, म्हणजे पुन्हा दुपट्टाच. कंपन्या साधारण वर्षाने किंवा १० ते २० हजार किलोमीटरनंतर फिल्टर बदला असे सांगतात, आणि धुळीच्या भागात त्याआधी, अशी पुस्ती जोडतात. चंद्रपुरात ही पुस्तीच मुख्य वाक्य समजून वागणे बरे. अनेक घरांत आता मार्चमध्ये कूलरच्या ताट्यांबरोबर गाडीचा फिल्टरही येतो, आणि ही सांगड कोणा कंपनीने घातलेली नाही.

गडचिरोलीची गोष्ट निराळी. २६ ऑगस्ट १९८२ला हा जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे, आणि सिरोंचा किंवा भामरागडहून निघाले तर जिल्ह्याचे ठिकाण दीडशे-दोनशे किलोमीटरवर पडते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. इथे गाडी सर्व्हिसिंगला न्यायची म्हणजे एक दिवस मोडायचा. म्हणून फिल्टर, वायपर, बल्ब अशी कामे घरी करण्याला इथे हौस म्हणत नाहीत. ड्रायव्हर लोक नवा फिल्टर चंद्रपूर-नागपूरला गेले की आणून ठेवतात आणि लागेल तेव्हा बसवतात. जुना काढताना इथे धुळीबरोबर आणखी एक पाहुणा सापडतो, तो म्हणजे उंदराचे घरटे. काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या हवेच्या वाटेतून उंदीर आत शिरतात, फिल्टरच्या घड्या कुरतडून मऊ बिछाना करतात आणि वर धान्याची टरफले साठवतात. पंखा सुरू केल्यावर खडखड आवाज आला आणि घाण वास सुटला, तर मिस्त्री आधी डॅशबोर्डचा खणच उघडतो.

जंगलातल्या हवेला गाळणी कशाला, असे विचारणारा माणूस बहुधा एटापल्लीच्या रस्त्यावर गेलेला नसतो. सुरजागडच्या लोहखनिजाचा पट्टा इथे आहे. डिसेंबर २०१६मध्ये माओवाद्यांनी तिथली कित्येक वाहने जाळली आणि खाणीचे काम थंडावले. २०२१पासून खाण मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि लाल खनिज वाहणारे ट्रक आलापल्ली, आष्टीच्या रस्त्यांवर रात्रंदिवस दिसू लागले. उखडलेला रस्ता, उडणारी लाल धूळ, धुळीने झाकलेली रस्त्याकडेची घरे, यावरून गावकऱ्यांनी आंदोलनेही केली. २०२५मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली, तिच्यातून दळलेले खनिज पाण्याबरोबर वाहते आणि तेवढी ट्रकची वाहतूक वाचते. ज्यांच्या गाडीच्या काचा बंद होतात, त्यांचा प्रश्न फिल्टरने सुटला. दुचाकीवरून शाळेत जाणाऱ्या शिक्षकाने आणि सायकलवरच्या पोरीने अजून ओढणीच बांधायची आहे.

ताडोबात न गाळलेल्या हवेचा प्रकार पैसे मोजून अनुभवता येतो. १९५५मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलात पर्यटक मोहर्ली आणि इतर दारांतून उघड्या जिप्सीत बसून आत जातात. मारुतीची जिप्सी १९८५ची. तिचे छप्परच काढलेले, म्हणजे केबिनच नाही, तर फिल्टर कसला? उन्हाळ्यात पुढच्या जिप्सीचा फुफाटा मागच्यांच्या तोंडात जातो. पाहुणे दोन सफारींनंतर परत जातात आणि गाइड व ड्रायव्हर हंगामभर दिवसाला दोन फेऱ्या करतात. पर्यटकांना विकायला ठेवलेले रंगीत रुमाल आणि स्कार्फ याच मंडळींनी आधी वापरून दाखवले आहेत.

आपल्या हाताने फिल्टर बदलणारा माणूस साहजिकच गाडीमालक असतो. दिवसभर धुळीत गाडी हाकणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला आतापर्यंत या चर्चेत जागाच नव्हती. त्याच्या केबिनला एसी नसे, म्हणून काच उघडी, आणि काच उघडी म्हणून गाळण्याचा प्रश्नच नाही. डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अधिसूचना काढली. २०२५मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालवाहू ट्रकांच्या केबिनला एअर कंडिशनिंग सक्तीचे झाले. एसी आला म्हणजे काच वर गेली, आणि काच वर गेली की हवा कुठून, कशातून येते हे विचारावेच लागते. नियम फक्त नव्या ट्रकांना लागू आहे. पडोली आणि घुग्घुसच्या रांगांत उभे असणारे बहुसंख्य ट्रक त्याआधीचे आहेत, ते अजून बरीच वर्षे चालतील, आणि त्यांचे ड्रायव्हर काच खाली करूनच कोळसा वाहतील.